आपल्याच विहिरीचा दगड, समुद्राच्या काठी

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. उंच कड्यावर उभे राहून खाली पाहावे आणि पोटात गोळा यावा, अशी आमच्याकडची जागा म्हणजे पाटोदा तालुक्यातले सौताडा. पावसाळ्यात विंचरणा नदी तिथे कड्यावरून दरीत कोसळते. खाली रामेश्वराचे देऊळ आहे. एरवी मात्र तिथे पाणी कमी आणि दगड जास्त. यंदा हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे कोकणात निघालो तेव्हा पहिला मुक्काम तिथेच केला, कारण जामखेड-नगरचा रस्ता सौताड्यावरूनच जातो. मुलांनी वाकून दरी पाहिली. अम्मी गाडीतून उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, "दगड बघायला चारशे किलोमीटर कशाला? तो घरी भरपूर आहे."

त्यांच्या या बोलण्यामागे एक विहीर आहे. तिच्याविषयी आधी सांगितले नाही तर पुढचे काही कळणार नाही.

अब्बा विहिरी खोदायचे. 1972च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडता फोडता ते घण आणि छिन्नी शिकले, नंतर सुरुंग लावायला शिकले आणि पुढची तीस वर्षे तोच धंदा केला. पहार, यारी, दोर आणि चार माणसे घेऊन ते गावोगाव फिरत. मातीखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या, मांजऱ्याखाली काळा पाषाण, हे थर त्यांना तोंडपाठ. मांजऱ्या म्हणजे तो भोकाभोकांचा तांबूस-जांभळा खडक, ज्यात मधूनच पांढरे खडे चमकतात. "पाणी लागलं तर मांजऱ्यात लागेल, काळ्यात भेग असली तरच," असे ते म्हणत. दुसऱ्यांच्या कित्येक विहिरींना त्यांच्या हाताने पाणी लागले. आमच्या स्वतःच्या तुकड्यात मात्र सात परस खाली गेले तरी काळा पाषाण संपेना आणि भेग सापडेना. त्या विहिरीत अम्मींच्या पाटल्या गेल्या, नंतर गळ्यातले गेले. शेवटी काम बंद पडले. दहा-पंधरा हातांवर शेजाऱ्याच्या विहिरीला मात्र पाणी होते. अम्मींनी त्यावरून कधी भांडण केले नाही आणि अब्बांनी कधी सफाई दिली नाही. फक्त एकदा म्हणाले होते, "तुला एवढं पाणी दाखवीन की पलीकडचा काठ दिसायचा नाही." पाच वर्षांपूर्वी अब्बा गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. समुद्र दाखवायचा राहून गेला.

म्हणून ही सफर. ठिकाण म्हणून आम्ही हरिहरेश्वर निवडले ते तिथल्या खडकांसाठी. अलिबाग किंवा मुरूडची वाळू छान आहे, पण रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्याच्या दक्षिण टोकाला, जिथे सावित्री नदी समुद्राला मिळते तिथे, लाटांनी डोंगराचा पाय कसा कापला आहे ते जसे दिसते तसे इतरत्र सहसा दिसत नाही, असे आमच्या घरातल्या भूगोलाच्या मास्तरांचे म्हणणे होते.

नगर, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा. श्रीवर्धनला पोचेपर्यंत रात्र झाली. एका कोकणी मुस्लिम कुटुंबाकडे घरगुती निवासाची सोय होती. म्हसळा-श्रीवर्धन भागात मुस्लिम वस्ती जुनी आणि मोठी आहे, त्यामुळे खाण्याचा प्रश्न येत नाही. घरच्या खालांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचे सालन वाढले. त्यांची कोकणी आम्हाला अर्धी कळे, आमची दखनी त्यांना अर्धी. तरी अम्मी आणि त्या रात्री बराच वेळ बोलत बसल्या. विषय निघाला तो झाडांचा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि इथल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनचा रोठा, म्हणजे इथली सुपारी, नावाजलेली. सुपारीचे झाड फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. खालांच्या सासऱ्यांनी लावलेली झाडे एका दुपारीत गेली, आता त्यांनी पुन्हा रोपे लावली आहेत. अम्मी म्हणाल्या, "आमच्याकडं पाणी नाही म्हणून झाडं जातात, तुमच्याकडं पाण्यावरून वारा येतो म्हणून." खाला हसल्या आणि त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

सकाळी दहाच्या सुमारास हरिहरेश्वरला पोचलो. गाव लहान, डोंगराच्या पायथ्याशी. हरिहरेश्वर आणि काळभैरवाची देवळे आहेत. याला दक्षिण काशी म्हणतात, त्यामुळे भाविकांची गर्दी बारमाही. खडकांकडे जाणारी वाट म्हणजे मुळात देवळाचा प्रदक्षिणामार्ग. आम्ही थोडे घुटमळलो. आपण या वाटेने जावे का, आपल्या जाण्याने कुणाला अवघडल्यासारखे होईल का, असा विचार मनात आला. बाजूला शहाळी विकणाऱ्या मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "वाट सगळ्यांची आहे, फक्त पूजेच्या लोकांना पुढे जाऊ द्या." एवढे सोपे होते. आम्ही एक मोठा घोळका जाऊ दिला आणि मागून चढू लागलो.

वाट आधी डोंगरावर चढते. वर पोचल्यावर झाडे मागे पडतात आणि एकदम समोर काहीच नसते. अम्मींनी ओढणी सावरली आणि उभ्या राहिल्या. पश्चिमेला सगळे पाणी. दक्षिणेला सावित्रीचे मुख, त्यापलीकडे बाणकोटचा डोंगर. महाबळेश्वरच्या कड्यावर उगम पावलेली नदी इथे येऊन खारी होते. मुले ओरडत होती, आम्ही फोटो काढत होतो, अम्मी मात्र बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "काठ खरंच दिसत नाही."

इथून पायऱ्या खाली उतरतात, दोन्ही बाजूंना खडकाच्या उभ्या भिंती आणि मध्ये अरुंद फट. त्या फटीतून खाली पाहिले तर पांढरा फेस वर उसळत होता. आमच्यातल्या दोन कॉलेजवाल्यांना राहवले नाही. ते भराभर पायऱ्या उतरू लागले. मागून हाक आली, ती त्याच शहाळेवाल्या मावशींची. त्यांचे वरही एक छोटे दुकान होते, तिथे माल द्यायला आल्या होत्या. "थांबा! आत्ता भरती आहे!" आवाज असा की दोघेही जागच्या जागी थांबले. त्याच वेळी खाली एक लाट आली. पायऱ्या जिथे संपतात तिथला सपाट खडक, जो आधी कोरडा आणि सुरक्षित दिसत होता, तो पूर्ण पाण्याखाली गेला आणि पाणी मागे फिरताना जे खेचले गेले त्याचा आवाज वरपर्यंत आला. दोघे वर आले तेव्हा त्यांचे चेहरे उतरलेले होते. इथे धोक्याच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आम्ही पाटी वाचली होती, पण पाटी वाचणे आणि लाट पाहणे यांत फरक असतो. आम्ही बीडची माणसे. पाणी कमी असते तेव्हा काय करायचे ते आम्हाला माहीत आहे, जास्त असते तेव्हाचे नाही.

मावशींनी मग बसून हिशोब शिकवला. तो आम्हाला इतका आवडला की इथे देत आहोत. तिथीला पाऊणने गुणायचे, जे उत्तर येईल ते पूर्ण भरतीचे घड्याळ. त्या दिवशी चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. रोज हीच वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, कारण चंद्र रोज उशिरा उगवतो. हा ढोबळ हिशोब आहे, नेमकी वेळ पंचांगात आणि आता मोबाइलवरही मिळते, पण कोळी लोकांना एवढ्यावर काम चालवता येते.

अम्मी लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आज चांदाची तेरावी आहे, चौदावी कशी?" अम्मी दर महिन्याला चांदाच्या 13, 14 आणि 15 तारखेचे रोजे ठेवतात, म्हणून हिजरी तारीख त्यांना कॅलेंडर न पाहता ठाऊक असते. या वेळी सफर आणि साखरेची गोळी यामुळे आम्ही त्यांना रोजा ठेवू दिला नव्हता, त्याची थोडी नाराजीही होती. उत्तर सोपे निघाले. आपला महिना नुसत्या अमावास्येने सुरू होत नाही, चांद डोळ्यांना दिसावा लागतो. त्यामुळे आपली तारीख तिथीच्या बहुधा एक दिवस मागे असते. आपल्या तारखेत एक मिळवा आणि पाऊणने गुणा. अम्मींनी बोटांवर दोनदा करून पाहिले आणि खूश झाल्या. ज्या चांदावर आपले रमजान आणि ईद ठरतात, त्याच चांदावर हे सगळे पाणी वर-खाली होते, हे आम्ही शाळेत शिकलो होतो. पण ते असे हाती लागले नव्हते.

आणखी एक गोष्ट मावशींनी सांगितली. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी नेहमीपेक्षा जास्त वर येते. पण उधाणाच्या ओहोटीला ते नेहमीपेक्षा जास्त मागेही जाते. अष्टमीच्या सुमाराला असतो भांग, तेव्हा दोन्ही कमी. म्हणजे सकाळी आम्हाला अडवणारा दिवसच संध्याकाळी सर्वांत जास्त खडक उघडा करणार होता. "साडेतीनला उतरा, पाचच्या आत वर या. आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका," एवढे बजावून त्या गेल्या.

दुपार गावातच काढली. जोहरची कसर नमाज मुक्कामाच्या खोलीवर पढलो, एका घरगुती खानावळीत साधे जेवण घेतले. त्यात सांगण्यासारखे काही नाही, फक्त सोलकढी अम्मींना आवडली नाही.

साडेतीनला पुन्हा त्या फटीपाशी आलो. पायऱ्या एका ठिकाणी ओल्या आणि निसरड्या आहेत. रबरी तळाची चप्पल किंवा बूट हवेत, बायकांनी बुरखा वा साडीचा घोळ हातात धरावा. अम्मींना दोघांनी दोन्ही हातांना धरून उतरवले. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वरूनच पाहिले तरी चालेल, असे आम्ही त्यांना म्हणालो होतो. त्यांनी ऐकले नाही.

खाली आलो आणि सकाळची जागा ओळखू येईना. जिथे फेस होता तिथे खडकाचे एक लांबरुंद अंगण पसरले होते. डोंगराचा पाय लाटांनी कापत कापत मागे नेला आणि खाली ही फरशी राहिली. भूगोलाच्या पुस्तकात याला तरंगघर्षित मंच म्हणतात. खडकात नैसर्गिक चिरा होत्या, त्या चिरांत पाणी घुसून त्यांच्या गल्ल्या झाल्या आहेत. काही ठिकाणी अगदी गोल खळगे आहेत. पाण्याबरोबर गोटे गरगरा फिरून ते घडतात. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे ज्यांनी पाहिले असतील त्यांना लगेच ओळख पटेल. तिथे नदीने केले, इथे समुद्राने. खळग्यांत पाणी साठलेले, त्यात इवले खेकडे. मुलांचा तास तिथेच गेला.

आणि कड्याची भिंत! पुरुषभर उंचीपासून वर तिला जाळी पडली आहे, मधाच्या पोळ्यासारखी. घरेच घरे, मध्ये पातळ भिंती. हे काम लाटेचे नाही, मिठाचे आहे. खारे तुषार दगडाच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक आत वाढतात आणि कण कण उकलून टाकतात. आमच्यापैकी एकाने तिथे बोट घालून पाहिले. पाषाण नखाने खरवडला तर भुगा येत होता.

अम्मी त्या भिंतीशी गेल्या. एके ठिकाणी खडक भोकाभोकांचा होता, भोकांत पांढरे खडे. त्यांनी त्यावर हात फिरवला, मग पूर्ण तळवा टेकवला. "ये तो अपनी बावडी का फत्तर है," त्या म्हणाल्या.

बरोबर होते. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो दगड पसरलेला आहे. आमचा बालाघाट त्यातच आणि हा कोकणचा किनाराही त्यातच. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, तो मांजऱ्या. आतला सावकाश थंड झालेला भाग घट्ट, तो काळा पाषाण. पाणी सच्छिद्र थरात आणि भेगांत राहते, घट्ट दगडात राहत नाही. म्हणून एकाच बांधावर एका विहिरीला पाणी असते आणि दुसरी कोरडी राहते. अब्बांनी जे पहारीच्या आवाजावरून ओळखले ते पुस्तकातही तसेच आहे. चुकले ते इतकेच की आपल्या तुकड्याखाली भेग कुठे आहे ते वरून दिसत नाही. हरिहरेश्वरला समुद्राने डोंगर उभा चिरून ठेवला आहे, म्हणून सगळे दिसते.

हे आम्ही अम्मींना तिथेच समजावून सांगितले. त्या ऐकत होत्या, हात अजून खडकावर. "म्हणजे त्यांचा हिशोब चुकला नव्हता," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मी त्यांना कधी बोलले नाही. पण मनात होतं." आम्ही काही उत्तर दिले नाही. सव्वाचार वाजले होते, पाणी अजून मागे जात होते.

पावणेपाचला वर निघालो. किनाऱ्याच्या वाळूवर चादर अंथरून असरची नमाज पढलो. कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, म्हणजे समुद्रावरच येतो. बीडला नमाजेला उभे राहिले की समोर भिंत असते, कपाट असते, शेजाऱ्याचे छप्पर असते. इथे नजर उचलली की पाणी, पाण्यापलीकडे अरबस्तानचा किनारा आणि मग मक्का. आमच्या गल्लीतले जुने हाजीसाहेब मुंबईहून जहाजाने गेले होते, आठवडाभर पाण्यावर राहिल्याच्या गोष्टी सांगत. 1995 पासून ती जहाजे बंद झाली, आता सगळे विमानाने काही तासांत जातात. अम्मींची दुआ नेहमीपेक्षा लांबली. काय मागितले ते त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. मगरिब होईपर्यंत मागच्या डोंगरावर चौदाव्या रात्रीचा चांद आला होता आणि पाणी वाळूवर पुन्हा चढू लागले होते.

दुसऱ्या दिवशी दिघीहून लाँचने जंजिरा पाहिला. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून एकच गोष्ट नोंदवतो. चारी बाजूंना खारे पाणी असलेल्या त्या किल्ल्याच्या मध्यभागी गोड्या पाण्याचा मोठा तलाव आहे. किल्ल्याचे दगडी बांधकाम 16 व्या शतकात निजामशाहीत उभे राहिले. त्याच शतकात, त्याच निजामशाहीत, आमच्या बीडची खजाना बावडीही बांधली गेली. कारागीर होता राजा भास्कर. तिला तीन भुयारी नहरी आहेत आणि दुष्काळी मुलखात ती शेतांना पाणी देत आली. आपल्या गावची बावडी आपण किती वेळा नीट पाहिली, असा प्रश्न मुलांनी परतताना विचारला. आम्ही गप्प बसलो. एक वर्षभर तरी कुणी तिकडे फिरकले नव्हते.

जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात खडकांवर उतरू नये, वरून पाहावे. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी, पोचल्यावर गावातल्या माणसाला पुन्हा विचारावी. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या एक-दोन दिवस अलीकडे-पलीकडे गेलात तर दुपारनंतर खडक भरपूर उघडा मिळेल. प्लास्टिक तिथे टाकू नये. आम्ही उतरलो तेव्हा खळग्यांत खेकड्यांपेक्षा वेफर्सची पाकिटे जास्त होती.

परतीच्या वाटेवर ताम्हिणी घाटात एका वळणावर अम्मींनी गाडी थांबवायला सांगितली. सौताड्याला उतरल्या नव्हत्या, इथे उतरल्या. रस्त्यासाठी डोंगर कापला आहे, थर स्पष्ट दिसतात. काळा, मग तांबूस, पुन्हा काळा. सूरह बकरामध्ये कठोर झालेल्या अंतःकरणांची तुलना दगडांशी केली आहे आणि काही दगड फुटून त्यांतून पाणी निघते, असेही त्याच आयतीत सांगितले आहे. अम्मींना ती आयत पाठ आहे. त्या भिंतीजवळ गेल्या आणि वरून खाली नीट पाहू लागल्या, अब्बा पाहायचे तशा. तांबूस थराच्या खालच्या अंगाला एका भेगेतून थेंब थेंब पाणी पडत होते, ऐन हिवाळ्यात. त्यांनी ओंजळ धरली. भरायला बराच वेळ लागला. मागून एक ट्रक हॉर्न देत गेला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या आणि ओला हात ओढणीला पुसत गाडीत येऊन बसल्या.